हैदराबादच्या राजभवनातील अठरा दिवस

पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र संपतो आणि आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. मराठी मात्र तिथे संपत नाही. जैनथ, बेला, तांसी, तलमडगू या भागांतील अनेक गावांत घरी मराठी, कचेरीत तेलुगू आणि जंगलाकडच्या वस्त्यांवर गोंडी असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आजचे किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते मुंबई राज्याकडे गेले, आणि उरलेला आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशाच्या उत्तर टोकाला राहिला. सुमारे तीनशे किलोमीटर दूर असलेल्या हैदराबादेत राज्यपाल कोण बसतो, याची एरवी सीमेवरच्या शेतकऱ्याला फिकीर असण्याचे कारण नव्हते. तरी उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर हा गोंडबहुल पट्टा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत मोडतो. तेथे कोणता कायदा लागू व्हावा, आदिवासींची जमीन कोणाच्या हाती जाऊ नये, याविषयी राज्यपालाला इतर भागांत नसलेले अधिकार आहेत. म्हणजे, निदान कागदावर तरी, राज्यपाल हा या जिल्ह्यात केवळ समारंभाचा धनी नाही.

जुलै १९९२ मध्ये डॉ. शंकर दयाळ शर्मा राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांची विद्वत्ता, केंब्रिजची डॉक्टरेट, काँग्रेसनिष्ठा आणि उपराष्ट्रपती म्हणून पाच वर्षांचा अनुभव यांची पुष्कळ चर्चा झाली. आंध्रातल्या माणसाला त्यांची पारख करण्यासाठी इतके दूर जाण्याची गरज नव्हती. त्याच्यापुढे १९८४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील अठरा दिवसांचा हिशेब होता.

शर्मांचा जन्म १९ ऑगस्ट १९१८ रोजी भोपाळमध्ये, एका वैद्याच्या घरी झाला. भोपाळ हे नवाबाचे संस्थान. आग्रा, अलाहाबाद आणि लखनौ येथे शिक्षण झाल्यावर त्यांनी लखनौ विद्यापीठात कायदा शिकवला, मग केंब्रिज गाठले आणि लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. संघराज्यात्मक घटनांमध्ये कायदेमंडळांच्या अधिकारांचा अर्थ कसा लावावा, हा त्यांच्या केंब्रिजमधील प्रबंधाचा विषय होता. पुढच्या घटना पाहता या विषयाला जरा वेगळा रंग चढतो. पण त्या वेळी तो एका अभ्यासू तरुणाने निवडलेला रुक्ष विषय होता, इतकेच.

परतल्यावर ते अध्यापनात रमले नाहीत. भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान संस्थान भारतात पूर्णपणे विलीन करण्यास तयार नव्हते आणि १९४८-४९ मध्ये तेथे विलीनीकरणाचे आंदोलन पेटले. शर्मा त्या आंदोलनाच्या अग्रणींपैकी एक होते आणि त्यासाठी त्यांनी तुरुंगवास सोसला. विलीनीकरण हा शब्द गोव्यात उच्चारला की १९६७ च्या जनमत कौलाची आठवण येते आणि त्याभोवती वेगळेच भाव जमतात. भोपाळ-हैदराबादकडे त्या शब्दाचा अर्थ संस्थानिकाच्या सत्तेतून सुटका असा होता. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाले. त्या लढ्यात पैनगंगेच्या अलीकडे, वऱ्हाडातील उमरखेडसारख्या ठिकाणी कार्यकर्त्यांची शिबिरे होती. भोपाळचा कारभार भारत सरकारच्या हाती आला तो १ जून १९४९ ला. या दोन संस्थानांतील काँग्रेसजनांची जडणघडण एकाच मुशीतली होती.

मार्च १९५२ मध्ये शर्मा भोपाळ राज्याचे मुख्यमंत्री झाले. वय ३३. राज्य छोटे, विधानसभा अवघ्या ३० सदस्यांची. गोवा, दमण व दीव या संघप्रदेशाच्या विधानसभेतही पुढे तेवढेच सदस्य होते, त्यामुळे तीस जणांच्या सभागृहात एकेका आमदाराला काय मोल असते हे गोव्याच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. शर्मांच्या मागे भक्कम बहुमत होते आणि साडेचार वर्षे सरकार स्थिर राहिले. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राज्य मध्य प्रदेशात विसर्जित झाले. ज्या दिवशी आदिलाबादचे दोन तालुके तुटले, त्याच दिवशी शर्मांचे मुख्यमंत्रिपदही संपले. नंतर दशकभर ते मध्य प्रदेशात मंत्री होते. शिक्षण खाते त्यांच्याकडे असताना बालभारतीसारख्या प्राथमिक पुस्तकांतून धर्मसूचक शब्द वगळण्याचा आग्रह धरला गेला आणि ग हे अक्षर गणेशाऐवजी गाढवाचे झाले, असे सांगितले जाते. त्यावरून त्यांची चेष्टाही झाली आणि त्यांच्यावर टीकाही झाली.

१९७१ मध्ये ते भोपाळमधून लोकसभेवर गेले, १९७२ ते १९७४ काँग्रेसचे अध्यक्ष होते, नंतर १९७७ पर्यंत केंद्रात दळणवळण मंत्री. आणीबाणीच्या काळात ते मंत्रिमंडळात होते आणि तिच्याविरुद्ध त्यांनी आवाज उठवल्याची नोंद नाही. ही बाजू त्यांच्या चरित्रकारांकडून बहुधा एका वाक्यात उरकली जाते. १९७७ मध्ये ते हरले, १९८० मध्ये पुन्हा निवडून आले. साठी ओलांडलेला, इंदिरा गांधींच्या विश्वासातला, सौम्य बोलणारा, संस्कृत वचनांत रमणारा एक काँग्रेस नेता. १९८४ च्या उन्हाळ्यापर्यंत त्यांचे चित्र एवढेच होते.

त्या वर्षी आंध्र प्रदेशात जे घडले त्याची मुळे मागे होती. १९७८ ते १९८३ या पाच वर्षांत दिल्लीने हैदराबादेत चार मुख्यमंत्री बसवले. याच काळात, २० एप्रिल १९८१ ला, आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्ली येथे सभेसाठी जमलेल्या गोंड आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृत्यूंचा. प्रत्यक्षात बळी त्याहून कितीतरी अधिक होते, असे स्थानिक लोक आणि नागरी हक्क संघटना मानत आल्या. दिल्लीच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या सरकारांविषयीचा राग तेलुगू स्वाभिमानाच्या नावाने चित्रपट अभिनेते नंदमुरी तारक रामाराव यांनी एकत्र केला. मार्च १९८२ मध्ये तेलुगू देसम पक्ष स्थापन झाला आणि जानेवारी १९८३ मध्ये २९४ पैकी दोनशेहून अधिक जागा जिंकून रामाराव मुख्यमंत्री झाले.

१९८४ च्या जुलैत ते हृदयशस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले. ते परतले त्या सुमारास त्यांचे अर्थमंत्री नादेंडला भास्करराव यांनी आमदारांचे बहुमत आपल्याकडे असल्याचा दावा केला. राज्यपाल रामलाल यांनी १६ ऑगस्टला रामाराव सरकार बरखास्त केले, भास्कररावांचा शपथविधी उरकला आणि त्यांना बहुमत सिद्ध करण्यासाठी ३० दिवस दिले. रामाराव दोन दिवसांत सभागृहात बहुमत दाखवायला तयार होते. राजभवनात आमदारांची शिरगणती करून घ्या म्हणत होते. रामलाल यांनी ते ऐकले नाही. शस्त्रक्रियेतून नुकतेच उठलेले रामाराव चाकांच्या खुर्चीवरून आमदारांसह दिल्लीत राष्ट्रपती झैलसिंग यांच्यापुढे उभे राहिले. मग आमदारांना फोडाफोडीपासून वाचवण्यासाठी रामकृष्ण हेगडे यांच्या कर्नाटकात नेऊन ठेवण्यात आले. पक्षांतरबंदी कायदा तेव्हा अस्तित्वात नव्हता. आमदारांना हॉटेलात बंद करून ठेवण्याची जी रीत पुढे देशभर रूढ झाली, तिचा मोठा प्रयोग तेव्हा झाला. राज्यात बंद, मोर्चे, गोळीबार सुरू झाले. विरोधी पक्ष एकवटले. रामलाल यांना राजीनामा द्यावा लागला.

२९ ऑगस्ट १९८४ रोजी शर्मांनी राज्यपालपदाची शपथ घेतली.

त्यांना पाठवले होते ते इंदिरा गांधींच्या सरकारने, म्हणजे ज्या पक्षाच्या आशीर्वादाशिवाय १६ ऑगस्टचे नाट्य घडणे कठीण होते, त्याच पक्षाने. त्यामुळे त्यांचे हात मोकळे होते की ते दिल्लीची माघार सभ्यपणे पार पाडायला आले होते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. दोन्हींत तथ्य असावे. पण माघारही अनेक प्रकारे घेता येते. विधानसभा विसर्जित करून राष्ट्रपती राजवट आणणे हा सोपा मार्ग होता. त्याने ना रामाराव परत आले असते, ना दिल्लीची नामुष्की झाली असती. भास्कररावांना आणखी वेळ देणे हा दुसरा मार्ग. हैदराबादेत त्याच दिवसांत जातीय दंगली उसळल्या होत्या, संचारबंदी होती. मुदत वाढवायला निमित्ताची उणीव नव्हती. ११ सप्टेंबरला सभागृह भरले आणि गोंधळात मतदानाविनाच थांबले. आमदार फोडायला महिना मिळूनही भास्कररावांना आकडा जमवता आला नव्हता, हे एव्हाना कोणापासून लपले नव्हते. शर्मांनी मुदतवाढीची वाट धरली नाही. १६ सप्टेंबरला, बरोबर एकतिसाव्या दिवशी, भास्करराव पायउतार झाले आणि त्याच दिवशी रामारावांचा पुन्हा शपथविधी झाला. काही दिवसांतच त्यांनी सभागृहात बहुमत सिद्ध केले. एका राज्यपालाने घालवलेले सरकार दुसऱ्या राज्यपालाने महिन्याभरात परत आणल्याचे असे उदाहरण त्यापूर्वी नव्हते.

नोव्हेंबरमध्ये रामारावांनी विधानसभा विसर्जनाची शिफारस केली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती. शर्मांनी शिफारस स्वीकारली आणि निवडणुकीपर्यंत रामारावांनाच काळजीवाहू मुख्यमंत्री राहू दिले. मार्च १९८५ मध्ये तेलुगू देसम पुन्हा २०२ जागांनी सत्तेवर आला.

इथपर्यंतची कहाणी ऐकून शर्मा रामारावांच्या बाजूचे होते असे कोणाला वाटेल. पुढचे वर्ष तसे गेले नाही. रामाराव सरकारला वटहुकुमांची फार घाई असे. जानेवारी १९८४ मध्ये एका वटहुकुमाने त्यांनी गावोगावचे अर्धवेळ ग्रामाधिकारी एका फटक्यात रद्द केले होते. तेलंगणात निजामी काळापासून माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी ही वंशपरंपरागत पदे होती. आदिलाबादच्या मराठी गावांत तर जमिनीचा कागद म्हणजे पटवाऱ्याची मर्जी, असा अनुभव होता. ती व्यवस्था गेली याचा अनेकांना आनंद झाला. सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ मध्ये तो निर्णय वैध ठरवला. पण तो वटहुकूम विधानसभेपुढे कायदा म्हणून न नेता वर्षभर पुनःपुन्हा काढला जात होता. असे वारंवार काढले जाणारे काही वटहुकूम सहीसाठी आले तेव्हा शर्मांनी ते परत पाठवले. विधिमंडळाला वळसा घालून राज्य चालवता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. ज्या सभागृहात बहुमत मोजले जावे म्हणून त्यांनी रामारावांना परत आणले, त्याच सभागृहाला रामारावही टाळू शकत नाहीत, असे ते म्हणत होते. सरकारला ते रुचले नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील संशोधक डी. सी. वाधवा यांनी बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात काढलेल्या २५६ वटहुकुमांचा असाच छडा लावला होता. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर १९८६ मध्ये ही प्रथा घटनेशी केलेली फसवणूक ठरवली. शर्मांची सही अडली ती त्या निकालाच्या आधी.

पाचव्या अनुसूचीतील अधिकारांविषयी मात्र त्यांच्या कारकिर्दीची अशी काही ओळख उरलेली नाही. त्यांची कीर्ती हैदराबादच्या विधानभवनाभोवती राहिली, उटनूरपर्यंत पोहोचली नाही.

३१ जुलै १९८५ रोजी दिल्लीत कीर्तीनगरमधील घरासमोर शर्मांची कन्या गीतांजली आणि जावई, काँग्रेसचे खासदार ललित माकन, यांची खलिस्तानवादी हल्लेखोरांनी गोळ्या घालून हत्या केली. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडानंतर नागरी हक्क संघटनांनी काढलेल्या अहवालात माकन यांचे नाव होते. शर्मा तेव्हा हैदराबादच्या राजभवनात होते. त्यानंतर चार महिन्यांनी, २६ नोव्हेंबरला, त्यांची नेमणूक झाली ती पंजाबात. तेथे सुरजितसिंग बर्नाला यांचे अकाली सरकार नुकतेच निवडून आले होते, राजीव-लोंगोवाल करार अंमलात यायचा होता आणि खुद्द लोंगोवाल यांचाही खून झाला होता. मुलीच्या हत्येला चार महिने झालेल्या माणसाला चंदीगडच्या राजभवनात बसवून अकाली मुख्यमंत्र्याशी घटनात्मक सौजन्याने वागण्यास सांगणे, यात दिल्लीने काय विचार केला असेल कोण जाणे. शर्मांनी ते चार महिने निभावले. बर्नालांशी त्यांचा जाहीर खटका उडाल्याची नोंद नाही.

एप्रिल १९८६ मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. तेथे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. नांदेडचे, हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेले. दोन संस्थानी मुलखांतील हे दोन काँग्रेसजन दीड वर्ष मुंबईत शेजारी होते आणि राजभवनाच्या दृष्टीने तो काळ शांत गेला. एक घटना वगळता. १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची हत्या झाली. त्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेले सुखदेवसिंग सुखा आणि हरजिंदरसिंग जिंदा यांची नावे माकन दांपत्याच्या हत्येतही घेतली जात होती. ऑक्टोबर १९९२ मध्ये येरवडा तुरुंगात त्या दोघांना फाशी देण्यात आले तेव्हा शर्मा राष्ट्रपती होते.

सप्टेंबर १९८७ मध्ये ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले. राज्यसभेचे सभापती म्हणून आंध्राच्याच राजभवनाचा प्रश्न पुन्हा त्यांच्यापुढे आला. राज्यपाल कुमुदबेन जोशी यांच्यासंबंधीचा विषय त्यांनी १९८८ मध्ये सभागृहात चर्चेला घेऊ दिला तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या मंत्र्यांनी आरडाओरड केली. शर्मांनी पद सोडण्याची तयारी दाखवली; मंत्री नमले. राजीव गांधींच्या हत्येनंतर १९९१ मध्ये पंतप्रधानपदासाठी त्यांना विचारणा झाली होती आणि वय व प्रकृतीचे कारण देऊन त्यांनी नकार दिला, असे नटवर सिंह यांनी पुढे लिहिले आहे. ते पद मिळाले पी. व्ही. नरसिंह राव यांना. तेलंगणाचे, मराठी उत्तम जाणणारे आणि रामटेकमधून दोनदा निवडून गेलेले.

१९९२ ची लढत एका अर्थी आदिलाबादसारख्या जिल्ह्यालाही विचार करायला लावणारी होती. प्रतिस्पर्धी जॉर्ज गिल्बर्ट स्वेल मेघालयातील खासी आदिवासी, लोकसभेचे माजी उपसभापती. राष्ट्रीय आघाडी आणि भाजप त्यांच्यामागे होते. आदिवासी राष्ट्रपती का नको, हा त्यांच्या उमेदवारीमागचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. त्याचे उत्तर मिळायला तीस वर्षे लागली: २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू निवडून आल्या. झारखंडच्या राज्यपाल असताना जमीन कायद्यातील दुरुस्तीची विधेयके त्यांनी परत पाठवली होती, हे त्यांच्याही उमेदवारीच्या वेळी आठवले गेले. १९९२ मध्ये शर्मांना ६,७५,८६४ मतमूल्य मिळाले, स्वेल यांना ३,४६,४८५.

राष्ट्रपती म्हणून पहिल्याच वर्षी त्यांच्या जुन्या लौकिकाला धक्का बसला. ६ डिसेंबर १९९२ नंतर उत्तर प्रदेशापाठोपाठ मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातील भाजप सरकारे १५ डिसेंबरला बरखास्त झाली. सभागृहात बहुमत असलेली सरकारे. आदेशांवर सही शर्मांची. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असतो हे खरे, पण एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकारही असतो. तो त्यांनी वापरला नाही. मार्च १९९४ मध्ये बोम्मई खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही तीन बरखास्ती धर्मनिरपेक्षतेच्या आधारावर उचलून धरल्या. त्याच निकालाने बहुमताची कसोटी राजभवनात नव्हे, सभागृहातच लागली पाहिजे, हेही ठरवून टाकले.

निकालाला महिनाही झाला नव्हता तोच गोव्यात राज्यपाल भानुप्रकाश सिंग यांनी विल्फ्रेड डिसोझा यांचे सरकार घालवून २ एप्रिल १९९४ ला रवी नाईक यांना मुख्यमंत्री केले. सहा दिवसांत डिसोझा परत आले. राज्यपाल त्याआधीच बदलले गेले होते. हैदराबादला महिना लागला होता, पणजीला आठवडा पुरला.

कारकिर्दीच्या शेवटी शर्मा पुन्हा मूळ स्वभावावर आले. मार्च १९९६ मध्ये, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, नरसिंह राव सरकारने दोन वटहुकूम पाठवले: एक दलित ख्रिश्चनांच्या आरक्षणाचा, दुसरा प्रचाराचा कालावधी कमी करण्याचा. विषयांच्या गुणवत्तेपेक्षा वेळ चुकीची होती. शर्मांनी सही केली नाही. मे महिन्यात त्यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून अटलबिहारी वाजपेयी यांना बोलावले आणि लोकसभेत बहुमत दाखवायला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. ३० दिवस नव्हे. तेराव्या दिवशी वाजपेयींनी राजीनामा दिला.

दरम्यान रामारावांचे सरकार दुसऱ्यांदा गेले होते. ऑगस्ट १९९५ मध्ये त्यांचे जावई चंद्राबाबू नायडू बहुसंख्य आमदारांसह वेगळे झाले, आमदार पुन्हा हॉटेलात बसले, आणि सासऱ्याच्या हाती या वेळी आकडा नव्हता. राजभवनातून त्यांना कोणी परत आणले नाही. आणायचे कारणही नव्हते. १८ जानेवारी १९९६ ला रामाराव वारले. शर्मा जुलै १९९७ मध्ये निवृत्त झाले आणि २६ डिसेंबर १९९९ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.